सीडीला दुसरी बाजू का नाही?



आज आपण सीडी आणि डीव्हीडीबद्दल बोलणार आहोत. तुमच्यातल्या कितीतरी जणी म्हणतील, "ताई, आता सीडी कोण लावतं? सगळं मोबाइलवर आलंय." खरं आहे. पण दहा-पंधरा वर्षांपूर्वी ज्यांच्या घरात लग्न झालं, त्यांच्याकडे लग्नाची सीडी कुठेतरी नक्की असेल. कपाटावर असेल, ट्रंकेत साड्यांच्या घडीत असेल, नाहीतर लग्नाच्या अल्बमच्या शेवटच्या पानातल्या पाकिटात असेल. बारसं, डोहाळजेवण, गटाचा पहिला मेळावा, प्रशिक्षणाची चित्रफीत, दिंडीत म्हटलेली गाणी, सगळं त्या चकचकीत तबकडीवर भरलेलं आहे. आमच्या विश्रांतवाडीवरूनच आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्यात येते. त्या गर्दीत गाणाऱ्या बायकांचे आवाजही कुणीकुणी असे भरून ठेवलेत.

अशा जुन्या सीडी गटांमधून गोळा करायला आम्ही सुरुवात केली, तेव्हा बैठकीत एका मावशींनी विचारलं, "कॅसेटला दोन बाजू असायच्या. एक संपली की उलटी करून घालायची. जुन्या रेकॉर्डलाही दोन बाजू. मग सीडीलाच एक बाजू का? दुसरी बाजू फुकट कशाला घालवली?" दुसऱ्या ताई लगेच म्हणाल्या, "आपली सगळी गाणी दोन्ही बाजूंनी भरून घेऊ, निम्म्या सीडीत काम होईल."

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरात आपल्या आठवणी टिकणार की जाणार, हेही दडलेलं आहे. म्हणून आज तो नीट उलगडून पाहू. आधी थोडक्यात उत्तर सांगतो: दोन बाजूंची तबकडी बनवता येते, आणि ती बनवलीही गेली. साध्या सीडीत ते जमत नाही, डीव्हीडीत जमतं. तरीही दुकानात ती फारशी दिसली नाही, याला कारणं आहेत.

रेकॉर्ड आणि कॅसेटची गोष्ट

पहिल्यांदा रेकॉर्ड पाहू. काळ्या रेकॉर्डवर नांगराच्या तासासारखी बारीक खाच असते. ती गोल गोल फिरत आत जाते. त्या खाचेतून सुई फिरते, हलते आणि त्या हलण्याचा आवाज होतो. खाच पृष्ठभागावर उघडी असते, त्यामुळे दोन्ही अंगांना खाच पाडता येते. तरीही ग्रामोफोनच्या सुरुवातीच्या काळात रेकॉर्ड एकाच बाजूला भरलेल्या असत, मागची बाजू कोरी. दोन्ही बाजू भरण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. बालगंधर्वांची नाट्यपदं ज्या ७८ गतीच्या तबकड्यांवर निघाली, त्यांच्या एका बाजूला साधारण ३ ते साडेतीन मिनिटंच गाणं बसायचं. रंगमंचावर रंगत जाणारं पद तेवढ्यात आटोपावं लागे. अशा वेळी दुसऱ्या बाजूचं मोल किती असेल, विचार करा.

आता कॅसेट. इथे एक गंमत आहे. कॅसेटच्या आतली तपकिरी फीत एकाच अंगाने आवाज धरते, तिचं मागचं अंग कोरंच असतं. मग दोन बाजू कुठून आल्या? फितीच्या रुंदीचे दोन भाग केलेले असतात. वरच्या निम्म्या पट्टीवर पहिली बाजू, खालच्या निम्म्या पट्टीवर दुसरी. कॅसेट उलटी केली की खालची पट्टी वर येते आणि यंत्र ती वाचतं. म्हणजे कॅसेटच्या दोन बाजू ही खरं तर एकाच अंगाची वाटणी होती, एकाच वाफ्यात अर्ध्यात मेथी आणि अर्ध्यात कोथिंबीर लावल्यासारखी. त्यामुळे कॅसेटला होतं तेच सीडीला का नाही, असा हिशेब सरळ लागू पडत नाही.

सीडी आतून कशी असते

सीडी १९८२ साली जपानमध्ये बाजारात आली. हॉलंडची फिलिप्स आणि जपानची सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ती बनवली होती. तिची रुंदी १२ सेंटिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर. ती जवळजवळ सगळी पारदर्शक प्लास्टिकची असते. या प्लास्टिकचं नाव पॉलिकार्बोनेट.

कारखान्यात सीडी बनवताना या प्लास्टिकच्या वरच्या अंगावर अतिशय बारीक खळगे ठशाने उमटवतात. मग त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर देतात, म्हणजे ते चमकतं. त्यावर लाखेसारख्या पारदर्शक लेपाचा हात फिरवतात, आणि त्यावर नाव, चित्र छापतात. झाली सीडी.

वाचणारा लेझरचा किरण मात्र खालून येतो. तो १.२ मिलिमीटर प्लास्टिक पार करून वर जातो, चमकत्या थरावर आपटतो आणि परततो. सपाट जागी आपटला तर एक प्रकारे परततो, खळग्यावर आपटला तर दुसऱ्या प्रकारे. या फरकावरून यंत्र ओळखतं की आवाज कोणता आणि चित्र कोणतं. ही खळग्यांची ओळ मधून सुरू होते आणि फिरत फिरत बाहेर येते. रेकॉर्डमध्ये सुई बाहेरून आत जाते, सीडीत किरण आतून बाहेर येतो. ही ओळ उलगडून सरळ केली, तर ५ किलोमीटरच्या वर भरेल. एका मिलिमीटरच्या जागेत अशा ६०० हून जास्त ओळी शेजारी शेजारी बसलेल्या असतात.

आपल्या घरातला आरसा आठवा. आरशाची काच पुढे असते आणि चमकणारा लेप मागे. आपण काचेतून पाहतो. काचेवर बोट लागलं, पावडर उडाली, तर फडक्याने पुसता येतं. पण आरशाच्या मागचा लेप खरवडला तर तिथे काळा डाग पडतो आणि तो कधीच जात नाही. सीडी अगदी तशीच आहे. खालची चकचकीत बाजू ही काच आहे. ज्यावर नाव छापलेलं असतं ती वरची बाजू म्हणजे आरशाची पाठ.

आता मावशींच्या प्रश्नाचं उत्तर सापडतं. सीडीची दुसरी बाजू फुकट गेलेली नाही. आपली गाणी, आपलं लग्न त्या छापील बाजूच्या लगेच खालीच आहे, केसापेक्षाही पातळ लेपाखाली. यंत्र ते खालून वाचतं म्हणून खालची बाजूच खरी, असा आपला समज होतो.

मग सीडीला दोन बाजू करता आल्या नसत्या का?

करायच्या म्हटल्या असत्या, तर दोन सीडी पाठीला पाठ लावून चिकटवाव्या लागल्या असत्या. मग जाडी झाली असती २.४ मिलिमीटर, आणि वजन दुप्पट. सीडीची यंत्रं १.२ मिलिमीटर जाडीच्या तबकडीसाठी बनलेली. जाड तबकडी फटीतून आत जाणार नाही, गेली तर अडकेल.

"मग प्लास्टिक पातळ करायचं की," असं कुणी म्हणेल. पण त्या जाडीला कारण आहे. खिडकीच्या काचेतून अंगणातलं झाड पाहताना काचेवरची धूळ आपल्याला दिसत नाही, कारण नजर लांब झाडावर असते. लेझरचंही तसंच आहे. त्याची नजर वरच्या थरावर खिळलेली असते. मधे १.२ मिलिमीटरचं अंतर असल्यामुळे खालच्या अंगावरची धूळ, बारीक ओरखडे त्याला आडवे येत नाहीत. सीडीच्या काळातला किरण काहीसा जाड होता, त्याला हे अंतर साजेसं होतं. अंतर कमी करायचं तर किरण आणि भिंग सगळंच बदलायला हवं होतं. ते पुढे डीव्हीडीत बदललं.

दोन पाऱ्यांची गुळाची पोळी

डीव्हीडी १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये आली. बाहेरून ती सीडीसारखीच दिसते, जाडीही तेवढीच, १.२ मिलिमीटर. पण आतून ती वेगळी आहे. ती ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ तबकड्या एकमेकींना चिकटवून बनवलेली असते.

संक्रांतीला आपण गुळाची पोळी करतो. दोन पाऱ्या लाटून घेतो, मधे गुळाचं सारण पसरतो आणि काठ दाबून लाटतो. गूळ मधे राहतो, बाहेर येत नाही. डीव्हीडी तशीच आहे. माहितीचा थर मधोमध, वर आणि खाली प्लास्टिक. साध्या डीव्हीडीत खालच्या पारीवर माहिती असते आणि वरची पारी कोरी असते. ती नुसती आधाराला आणि जाडी भरून काढायला.

मग कुणालाही सुचेल की त्या कोऱ्या पारीवरही माहिती भरावी. तसंच केलं गेलं. दोन्ही पाऱ्यांवर खळगे उमटवायचे, चमक द्यायची आणि पाठीला पाठ लावून चिकटवायचं. झाली दोन बाजूंची डीव्हीडी. एका बाजूला ४.७ जीबी, दोन्ही मिळून ९.४ जीबी. साध्या सीडीवर ६५० ते ७०० एमबी बसतं, म्हणजे एका जीबीपेक्षाही कमी. त्यावरून फरक लक्षात येईल.

एवढं जास्त बसलं कसं? किरण बारीक झाला म्हणून. सीडीचा किरण डोळ्याला न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या प्रकाशाचा, डीव्हीडीचा तांबड्या प्रकाशाचा. गोधडी शिवताना दाभण घेतलं तर टाक्यांच्या ओळी लांब लांब पडतात, बारीक सुई घेतली तर ओळी जवळ जवळ येतात. त्याच कापडात जास्त टाके बसतात. डीव्हीडीत एका मिलिमीटरमध्ये १३०० हून जास्त ओळी बसवल्या. पुढे ब्लू-रे नावाची तबकडी आली, तिचा किरण निळसर जांभळा, आणखी बारीक. तिच्यात एका मिलिमीटरला ३००० हून जास्त ओळी बसतात आणि एका थरात २५ जीबी मावतं.

दोन बाजूंची डीव्हीडी दुकानात का दिसली नाही?

पहिलं कारण अगदी घरगुती आहे. नाव कुठे लिहायचं? दोन्ही अंगांनी चकचकीत, दोन्ही अंगांनी किरण जाणार, मग चित्र छापायला जागाच उरत नाही. मधल्या भोकाभोवती बारीक अक्षरांत जे मावेल तेवढंच. कोणती बाजू पहिली आणि कोणती दुसरी, हे भिंग लावून पाहावं लागतं. शिवाय टेबलावर ठेवायची कशी? कोणतीही बाजू खाली ठेवा, ओरखडा पडायची भीती आहेच.

दुसरं कारण, यंत्राला भिंग एकच आणि तेही खाली. एक बाजू संपली की उठायचं, तबकडी काढायची, उलटी करायची आणि पुन्हा घालायची. सिनेमा रंगात आलेला असताना हे कुणाला आवडेल? डीव्हीडीच्याही आधी, १९७८ पासून अमेरिकेत लेझरडिस्क नावाची ३० सेंटिमीटर रुंदीची मोठी तबकडी विकली जायची. तीही दोन भाग चिकटवून केलेली, दोन बाजूंची. तिच्यासाठी पुढे काही यंत्रं अशी निघाली की भिंगच खालून वर जाऊन दुसरी बाजू वाचायचं. पण ती महागडी. त्या मोठ्या तबकड्यांपैकी काहींमध्ये चिकटवलेल्या जागेतून हवा शिरली आणि आतला ॲल्युमिनियमचा थर गंजला. चित्रावर ठिपके दिसू लागले. जोड नीट नसेल तर काय होतं, हे तिथे कळलं.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. बाजू न वाढवता जागा वाढवायची दुसरी युक्ती सापडली. एकाच बाजूला एकावर एक दोन थर द्यायचे. खालचा थर अर्धवट पारदर्शक ठेवायचा. लेझरने आधी तो वाचायचा, मग नजर थोडी वर नेऊन त्याच्या मागचा थर वाचायचा. जाळीच्या पडद्यावर नजर ठेवली तर पडद्याची नक्षी दिसते, नजर पुढे नेली तर पलीकडची खोली दिसते, तसं. अशा डीव्हीडीवर ८.५ जीबी बसतं, उलटी करावी लागत नाही आणि वर नाव छापायला जागाही राहते. मग दोन बाजूंची कशाला हवी? दोन बाजू आणि प्रत्येक बाजूला दोन थर अशी १७ जीबीची डीव्हीडीही निघाली, पण ती बनवायला फार अवघड. ती क्वचितच वापरली गेली.

आणखी एक प्रयोग सांगतो. २००४-०५ च्या सुमारास अमेरिकेतल्या गाण्यांच्या कंपन्यांनी एका बाजूला सीडी आणि दुसऱ्या बाजूला डीव्हीडी अशी जोडतबकडी काढली. नाव ड्युअलडिस्क. तिची जाडी झाली दीड मिलिमीटर, आणि सीडीच्या बाजूचं प्लास्टिक नेमापेक्षा पातळ ठेवावं लागलं. सीडीच्या नियमात ती बसेना, म्हणून तिच्यावर सीडीची अधिकृत खूण लावता आली नाही. काही यंत्रांत ती चालायची नाही, फटीतून आत ओढणाऱ्या यंत्रात अडकायची भीती असायची. काही वर्षांतच ती मागे पडली.

आपल्याकडे तर वेगळाच मार्ग निघाला. आपल्या गावागावांत डीव्हीडीच्या आधी व्हीसीडी पोचली. ती म्हणजे साध्या सीडीवर भरलेलं चित्र. तिच्यावर साधारण ७४ मिनिटं मावायची, आणि आपला सिनेमा अडीच-तीन तासांचा. म्हणून एका पाकिटात दोन किंवा तीन सीडी यायच्या, भाग १, भाग २. सीडी बदलायला उठणं होतंच, पण प्रत्येकीवर नाव मोठं छापलेलं. २००७ मध्ये ग्रेटर नोएडाच्या मोझर बेअर कंपनीने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. तबकडी इतकी स्वस्त झाल्यावर एकीची दुसरी बाजू वापरण्यापेक्षा दुसरी तबकडी घेणंच सोपं होतं. पुढे मोबाइल आणि इंटरनेट आलं, आणि २०१८ मध्ये त्याच कंपनीवर दिवाळखोरीत निघण्याची वेळ आली.

दोन बाजूंची तबकडी अगदीच गेली असं मात्र नाही. २०१४ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिक या कंपन्यांनी संग्रहालयं आणि दूरचित्रवाणीसारख्या मोठ्या कामासाठी ३०० जीबीची तबकडी जाहीर केली. तिला दोन्ही बाजू आणि प्रत्येक बाजूला तीन थर. पण अशा तबकड्या बंद डबीत राहतात, हात न लावता यंत्रच त्या काढतं आणि ठेवतं. दुसऱ्या बाजूची खरी अडचण माणसाच्या हाताची होती, हे यावरून दिसतं.

आपल्या घरातल्या सीडीचं काय?

आता कामाची गोष्ट. बाजारातून आणलेली सिनेमाची सीडी आणि स्टुडिओवाल्याने दिलेली लग्नाची सीडी एकसारख्या नसतात. बाजारातल्या सीडीत खळगे ठशाने उमटवलेले असतात. लग्नाची सीडी किंवा डीव्हीडी ही कोरी आणून त्यावर लेझरने लिहिलेली असते. तिच्यात रंगाचा एक थर असतो, आणि लेझर तो रंग जागोजागी बदलतो. म्हणून अशा सीडीची खालची बाजू हिरवट, निळसर किंवा जांभळट दिसते. कपड्याचा रंग उन्हात उडतो, तसा हा रंगही उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने हळूहळू उडतो. पत्र्याच्या घरात, खिडकीच्या कट्ट्यावर, चुलीच्या वरच्या फळीवर ठेवलेली सीडी लवकर खराब होते. ती बाहेरून छान दिसते, पण लावली की मधेच अडकते.

म्हणून मैत्रिणींनो, काही गोष्टी लक्षात ठेवा.

सीडी धरताना काठाला आणि मधल्या भोकाला धरा. नावाची बाजू खाली करून टेबलावर घासू नका, तीच जास्त नाजूक आहे. त्या बाजूवर बॉलपेनने जोर देऊन लिहू नका, कारण टोक लेपातून आत जातं. मऊ टोकाच्या मार्करने मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा. वर कागदी चिठ्ठी चिकटवू नका. ती एका बाजूला वजन देते, आणि सोलायला गेलं की खालचा चमकता थरही घेऊन येते. आमच्या एका गटातल्या वहिनींच्या लग्नाच्या सीडीचं असंच झालं होतं. चिठ्ठी निघाली आणि तिच्यासोबत नखाएवढा चांदीसारखा तुकडा निघाला. उजेडापुढे धरली तर आरपार दिसत होतं. त्या जागेवर जे होतं ते कोणत्याही दुकानात परत मिळत नाही.

पुसायची असेल तर मऊ सुती फडक्याने मधून बाहेर सरळ पुसा. भांडं घासतो तसं गोल गोल पुसू नका. ओळी गोल फिरतात, त्यामुळे गोल ओरखडा एकाच ओळीतलं लांबपर्यंत नेतो. आडवा ओरखडा प्रत्येक ओळीतलं थोडंथोडं घेतो, आणि तेवढं यंत्र सांभाळून घेऊ शकतं. डीव्हीडी डबीतून काढताना मधली कळ दाबा. काठ ओढून वाकवलीत तर दोन पाऱ्यांचा जोड सुटू शकतो.

कधी अशी डीव्हीडी हाती आली की तिच्या दोन्ही बाजू चमकतात आणि नाव फक्त भोकाजवळ आहे, तर ती दोन बाजूंची असू शकते. कोरी म्हणून टाकू नका. दोन्ही बाजूंनी लावून पाहा.

निम्म्या सीडीत काम होईल का?

आता त्या ताईंच्या सूचनेकडे येऊ. गाणी दोन्ही बाजूंनी भरून घ्यायची का? आमच्या गटांनी बोलून ठरवलं की नाही. सगळं धान्य एकाच कणगीत भरलं आणि तिला कीड लागली, तर वर्षभराचं जातं. दोन बाजूंच्या तबकडीला एकदा तडा गेला की दोन्ही बाजू जातात. तबकड्या वाचवण्यापेक्षा प्रती वाढवणं शहाणपणाचं आहे.

आपल्या पुण्यातच याचं मोठं उदाहरण आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यात सुरू झालं. जानेवारी २००३ मध्ये तिथल्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी रिळं जळाली. नायट्रेट फिल्म पटकन पेट घेते. ज्या सिनेमांच्या प्रती आधीच दुसऱ्या फिल्मवर उतरवून ठेवल्या होत्या, ते टिकले.

दुसरं उदाहरण बायकांच्या गाण्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या एक हजारांहून जास्त गावांतल्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर ओव्या. १९९० च्या दशकात त्यातल्या कितीतरी जणींचे आवाज ध्वनिमुद्रित केले. प्रत्येकीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. पुढे २०१७ पासून त्या ओव्या पारी या ग्रामीण भारताच्या संग्रहाने इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवायला सुरुवात केली. ज्या यंत्रावर त्या पहिल्यांदा भरल्या, ते आज बाजारात मिळतही नसेल. पण आवाज वेळेवर एका साधनावरून दुसऱ्यावर नेले, म्हणून नातीला आजीची ओवी आज मोबाइलवर ऐकता येते.

आपणही हेच करायचं. नवीन संगणकांत सीडी घालायची जागाच नसते. आणखी काही वर्षांनी सीडी चांगली असेल, पण ती वाचणारं यंत्र सापडणार नाही. म्हणून हे काम पुढे ढकलू नका. पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने घरातली भरलेली सीडी आणा. गटातल्या कुणाच्या मुलाकडे किंवा गावातल्या संगणक केंद्रात सीडी वाचणारं यंत्र असेल, तिथे ती उतरवून घ्या. ज्या सीडीची चमक उडायला लागली असेल किंवा जी मधे अडकत असेल, ती सर्वात आधी. उतरवलेली प्रत एका पेन ड्राइव्हवर गटाच्या पेटीत ठेवा आणि दुसरी दुसऱ्या घरात ठेवा. पेन ड्राइव्हही कायमचा नसतो, म्हणून वर्षातून एकदा, लेखापरीक्षणाच्या वेळी, तो लावून पाहा. काम झाल्यावरही मूळ सीडी टाकू नका.

आणि इतिवृत्ताच्या वहीत एक पान यासाठी राखून ठेवा. सीडीवर काय आहे, कुणाचा आवाज आहे, गाव कोणतं, साल कोणतं, प्रत कुणाकडे आहे, एवढं लिहा. आवाज ओळखणारी माणसं आज आपल्यात आहेत, त्यांना विचारून आजच लिहा.

तुमच्या गटात असं काम झालं, तर किती सीडी निघाल्या आणि त्यात काय सापडलं, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात आपण जुने फोटो आणि सातबाराच्या जुन्या नकला सांभाळण्याबद्दल बोलू.